सैलानीच्या वाटेवर

आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे दोन मजली घर आहे. घाटाखाली पूर्णेकाठची काळी, कपाशीची जमीन आणि घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेतले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे पठार. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला लोणारचे सरोवर दाखवतो, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी नेतो, शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घडवतो. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला तर शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसे येतात. पण घाटावर आणखी एक ठिकाण असे आहे की, तिथे कोणी हौसेने जात नाही. घरातले दुःख सोबत घेऊनच माणूस तिकडची वाट धरतो. ते ठिकाण म्हणजे पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा.

नोकरीच्या निमित्ताने या भागातले बांध तुडवता तुडवता ही वाट माझ्या चांगली ओळखीची झाली आहे. आज तुम्हांला त्याच वाटेने घेऊन जातो. रस्ता तुमच्या घरावरून जात नसेल तर उत्तम. पण गावात एखादे तरी घर असे असतेच की, ज्याच्या ओसरीवरून तो जातो.

होळीची यात्रा

सैलानीची मोठी यात्रा होळीला भरते आणि रंगपंचमीला संदल निघतो. पिंपळगाव सराईहून उंटिणीवर संदल निघतो, तो पाहायला लाखोंची गर्दी लोटते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, तसेच मध्य प्रदेश, तेलंगण, गुजरात या राज्यांतूनही लोक येतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, बौद्ध असतात. जात कोणी कोणाला विचारत नाही. होळीच्या दिवशी दुखणाइताच्या अंगावरून नारळ उतरवतात आणि तो होळीत टाकतात. त्याचे जुने कपडेही टाकतात. अंगातली पीडा त्या धुरासंगे गेली, अशी त्यामागची समजूत.

ही यात्रा शेतकऱ्याच्या सोयीच्या वेळी येते, हे आमच्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाच्या लगेच ध्यानात येते. हरभरा घरात आलेला असतो, गहू काढणीला असतो, तूर विकून चार पैसे हातात असतात. वर्षभर दाबून ठेवलेले दुखणे मग बाहेर निघते. गाडीभाडे, राहण्याची झोपडी, नारळ, चादर असा खर्च सुरू होतो. काही घरे पाच-सात दिवसांत परततात, तर काही महिनोन्‌महिने तिथेच पाल ठोकून राहतात. मग मागे शेत कोणाच्या तरी बटाईने जाते आणि गोठ्यातले जनावर विकले जाते.

शहरातली शिकलेली माणसे हे पाहून अंधश्रद्धा म्हणतात आणि मोकळी होतात. मला मात्र वाटते की, माणूस चुकीच्या दुकानात गेला तर त्याला हसण्याआधी, जवळचे दुकान बंद का होते हेही विचारावे.

माणसे इथे का येतात?

एका पालात एक म्हातारी भेटली होती. मुलाला घेऊन आली होती. मी विचारले, “माय, दवाखान्यात नेलं होतं का?” ती म्हणाली, “नेलं ना भाऊ. तिथं आमची पाळी पाच मिनिटाची. इथं कोनी जा म्हनत नाही.”

या दोन वाक्यांत सगळे आले. गावात असे पोरगे रस्त्याने निघाले की मागे टवाळ पोरे लागतात. लग्नकार्यात त्याला मागच्या खोलीत बसवतात. इथे मात्र शेजारच्या पालातही तसेच एक पोरगे असते. पालापालांतून बाया एकमेकींना आपापले गाऱ्हाणे सांगतात. बरे वाटण्यातला एक मोठा भाग इथेच घडतो आणि तो खोटा नाही.

दुसरे कारण अब्रूचे. मुलाला वेड लागले म्हटले की घराण्याला बट्टा लागतो, बहिणीचे लग्न अडते. बाहेरची बाधा झाली म्हटले की दोष बाहेरच्याचा, घराणे सुटले. म्हणून घरची माणसे बाधेवरच विश्वास ठेवू पाहतात. हे दर्ग्यावरच घडते असेही नाही. आपल्या हद्दीलगत महानुभावांचे जाळीचा देव हे स्थान आहे. तिथेही झपाटलेली म्हणून माणसे आणली जातात. धर्म वेगळे असले तरी दुःख एकच आहे.

यात बाईची गत आणखी वाईट. नवऱ्याचे डोके फिरले तर बायकोने त्याला सांभाळायचे, आणि बायकोचे फिरले तर तिला माहेरी धाडून द्यायचे, असा आपल्या समाजाचा न लिहिलेला कायदा आहे. सैलानीला येणाऱ्या मुलाबरोबर आई-बाप असतात. सुनेबरोबर बहुतेक वेळा तिचा म्हातारा बाप असतो.

एक पिवळे पान, तीन कारणे

सोयाबीनचे पान पिवळे पडले की शेतकरी विचारतो, “साहेब, कोणतं औषध मारू?” मी आधी शेतात जातो. पान पिवळे पडते ते कधी लोहाच्या कमतरतेने, कधी पिवळ्या मोझॅकच्या विषाणूने, तर कधी पाणी साचून मुळे कुजल्याने. रंग एक, पण उपाय तीन. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

गावात आपण ज्याला एकाच शब्दात ‘येडं’ म्हणून मोकळे होतो, त्यातही निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, मनाचा आजार. चांगले शिकतेसवरते पोर अठरा-वीस-पंचवीसच्या वयात एकटे बोलू लागते, कोणी विहिरीत विष कालवले असे म्हणू लागते, झोप उडते, अंघोळ सोडते. किंवा कर्ता माणूस कामातून मन काढून घेतो, जेवत नाही, जगून काय करायचे म्हणतो. हे आजार आहेत आणि त्यांवर औषधे आहेत. जितक्या लवकर सुरू होतील तितका गुण जास्त.

दुसरी, फेफरे. ही मेंदूची व्याधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे योग्य आणि नियमित औषध मिळाले तर शंभरांतल्या सत्तरांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. माणसाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठावा. अशा माणसाला विहिरीवर, मळणीयंत्रावर किंवा ट्रॅक्टरवर एकटे सोडू नये.

तिसरी, जन्मापासून किंवा लहानपणापासून बुद्धीची वाढ कमी असणे. याला गोळी नाही आणि नारळही नाही. इथे लागते ती शाळा, सराव आणि आई-बापांचा धीर. शेगावला गजानन महाराज संस्थानने अशा मुलांसाठी विद्यालय चालवले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

सैलानीला ही तिन्ही प्रकारची माणसे एकाच रांगेत उभी असतात. फेफऱ्याचा मुलगा तिथे दोन-तीन वर्षे काढतो आणि दोन-तीन वर्षांचे औषध हुकते. माझी तक्रार आहे ती एवढीच. श्रद्धेशी माझे भांडण नाही.

साखळी

मात्र एका गोष्टीशी भांडण आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. ती म्हणजे साखळी. पळून जाऊ नये म्हणून माणसाच्या पायात साखळी घालून तिला कुलूप लावायचे, ही रीत सैलानीच्या परिसरात पाहायला मिळाली आहे, तशी ती खेड्यापाड्यांतल्या गोठ्यांतही आहे. बांधणारे आई-बाप राक्षस नसतात. दिवसभर मजुरीला जायचे, मागे पोरगे विहिरीत पडू नये, एवढाच त्यांचा विचार असतो. पण साखळीने काय होते ते तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसले. तिथल्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवण्याच्या झोपड्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका ठिकाणी आग लागली. आतली माणसे साखळीने बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, असे बांधणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपण पोळ्याला बैलाच्याही खांद्यावरचे जू एक दिवस उतरवतो. पोटच्या पोराला तेवढी तरी सुटका असावी.

एका देवळाभोवतीचे शेतकरी

आता थोडे दूर जाऊ, म्हणजे आपले गाव नीट दिसेल. युरोपात बेल्जियम देशात घेल नावाचे गाव आहे. तिथे संत डिम्फना यांचे स्थान आहे. आपल्या सैलानीसारखेच. मध्ययुगात दूरदूरच्या मुलखांतून लोक आपली वेडी माणसे तिथे आणू लागले. देवस्थानातली जागा पुरेना, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ती माणसे घरच्यांच्या पंगतीला जेवू लागली, गायी राखू लागली. घरात ठेवलेल्या या माणसाला तिथे रोगी म्हणत नाहीत. राहून-जेवून असणारा, अशा अर्थाचा शब्द वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सरकारने तिथे डॉक्टरांची देखरेख आणली, तरी माणसे घरांतच राहिली. १९३० नंतरच्या दशकात त्या एका गावात अशी ३,७०० हून अधिक माणसे होती. आता संख्या फार कमी झाली असली तरी रीत चालू आहे आणि २०२३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली.

या घेलच्या शेतकऱ्यांनी देवस्थान मोडले नाही. त्यांनी घर उघडले, आणि पुढे डॉक्टरही आला. जागा, काम आणि औषध या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या. आपल्याकडे जागा दर्ग्यात, काम शेतात आणि औषध जिल्ह्याच्या गावी. तिन्हींची गाठ पडत नाही.

ती पाडता येते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. आलेल्या माणसाला मुजावर आधी दुआ देतात आणि मग तिथेच बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवतात. मुजावरांनी ‘जा’ म्हटले म्हणून लोक गोळ्या घेतात. दुआ देणाराच दवा घे म्हणतो, तेव्हा माणसाला दोहोंतले एक निवडावे लागत नाही.

पळसखेडचे घर

सैलानीहून चिखलीकडे या आणि पळसखेड सपकाळ या गावी थांबा. इथे नंदकुमार पालवे आणि आरती पालवे या पती-पत्नीने सेवासंकल्प प्रतिष्ठानच्या वतीने बेवारस मनोरुग्णांसाठी घर उभे केले आहे. रस्त्यावर, बसस्थानकावर, यात्रेत सापडलेली माणसे इथे आणतात. त्यांचे वाढलेले केस कापतात, जखमा धुतात, औषधपाणी करतात.

यात्रेत सापडलेली, हे शब्द पुन्हा वाचा. सैलानीला आणलेल्या माणसांपैकी काहींना घरचे लोक तिथेच सोडून जातात, ही गोष्ट या पट्ट्यात सर्वांना माहीत आहे. कर्ज झालेले असते, आई-बाप थकलेले असतात, भावाला संसार असतो. माणूस सोडून दिला म्हणून मी कोणाला शिव्या देणार नाही. पण गावाने चार वर्षांआधी हात दिला असता तर ती वेळ आली नसती, एवढे निश्चित.

कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले आणि २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला औषध द्यायचे आणि शुद्धीवर येऊन त्याने गावाचे नाव सांगितले की घरी नेऊन पोचवायचे, असे त्यांच्या संस्थेचे काम. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते तो गोळ्यांनी गावाचे नाव सांगू लागतो, यापेक्षा औषधाचा दुसरा दाखला कोणता द्यावा?

शेगावची पत्रावळ

चिखलीहून खामगावमार्गे घाट उतरले की शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी इथे उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक दिगंबर माणूस लोकांना दिसला. पाहणाऱ्याने दगड मारला असता तर कोणाला वावगे वाटले नसते. बंकटलाल अग्रवालांनी तसे केले नाही. त्यांनी थांबून विचारपूस केली आणि पुढे त्यांना आपल्या घरी नेले. त्याच्याही सहाशे वर्षे आधी वऱ्हाडातच, ऋद्धिपूरला गोविंदप्रभू वाटेल त्या घरात शिरत आणि लोक त्यांना वेडे म्हणत. तरी गावाने त्यांना सांभाळले, आणि महानुभाव त्यांना ईश्वर मानतात.

यावरून गावातला प्रत्येक वेडा संत आहे असे कोणी समजू नये. संत म्हणून पाया पडणे आणि भूत म्हणून झोडपणे, दोन्हींत त्या माणसाचे दुखणे तसेच राहते. आपण घ्यायचे ते एवढेच, की वेगळा माणूस दिसला की आधी त्याला जेवू घालण्याची रीत या मातीत होती.

शेतातले छोटे काम

आता माझ्या खात्यातले बोलतो. पूर्वी शेतात हरेक माणसाला काम होते. मंद बुद्धीचा मुलगा गुरे राखी, पाखरे हाकी, जागलीला जाई. त्याची भाकरी तो कमवी, म्हणून घरात त्याला पाटही असे. आज तणनाशकाने निंदण गेले, ट्रॅक्टरने बैल गेला आणि गुराख्याचे कामही गेले. यंत्राने कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण जो फक्त छोटे काम करू शकत होता तो रिकामा झाला. त्याच्यासाठी आता मुद्दाम काम ठेवावे लागेल.

घाटावरच्या एका गावातले घर सांगतो. धाकट्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी आजार झाला. बैलजोडी विकून दोन होळ्या सैलानीला काढल्या. तिसऱ्या वर्षी आशाताईच्या सांगण्यावरून बापाने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना काहीच फरक दिसेना. बाप म्हणाला, “साहेब, बंद करतो.” मी म्हटले, “दादा, एका फवारणीत बोंडअळी गेली का कधी?” त्याने धीर धरला. आज तो मुलगा गावची बियाणे तपासणी करतो. पेरणीआधी गोणपाट ओले करून त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून रोज पाणी शिंपडतो आणि उगवलेले मोजतो. सत्तरांच्या वर असतील तर बियाणे चालेल. घाईच्या माणसाला हे काम जमत नाही, त्याला जमते. शेजारी आपापल्या पिशव्या घेऊन त्याच्या ओसरीवर येतात. तो अजून कमी बोलतो, गोळी अजून रोज घेतो. सैलानीलाही ते घर दर वर्षी जाते, चादर चढवते आणि दोन दिवसांत परत येते.

शेळ्या, कोंबड्या, रोपवाटिकेच्या पिशव्या भरणे, रेशीम अळ्यांना तुतीचा पाला टाकणे, अशी कितीतरी कामे आजही आहेत. मजुरी मात्र हातावर ठेवा. दया पुरत नाही.

एवढे करा

घरात किंवा शेजारी असे दुखणे दिसले तर पहिल्या महिन्यातच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तेथून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारासाठी पाठवतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा कोणता ना कोणता आजार आढळला. तेव्हा लाजण्याचे कारण नाही. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-बेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनाचे दीर्घ आजारही धरले आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा.

आणि एक माझ्या खात्याची सूचना. उदास माणूस घरात असेल तर कीटकनाशकाचा डबा माळ्यावर किंवा खाटेखाली ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. माणसाच्या पायातले कुलूप काढून त्या पेटीला लावले, तर ते योग्य जागी लागले असे म्हणता येईल.

होळीला सैलानीला जाणार असाल तर जरूर जा. नारळाबरोबर गोळ्यांची पिशवी न्या, आणि जितकी माणसे घेऊन जाल तितकी सगळी घरी परत आणा.